चिरा आणि चिऱ्याचा पापुद्रा

८ मे, रत्नागिरी
मालकांना आराखडे दाखवले. भाट्याच्या बाजूला छोटे हॉटेल काढायचेय, आणि हवाय 'थिबा लूक'. म्हणजे थिबा राजवाड्यासारख्या पुढे कमानी, अर्धगोल लाकडी खिडक्या. आत नेहमीचा आरसीसी सांगाडा आणि त्यावर जांभ्याच्या चिऱ्याचे पातळ काप डकवायचे. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पैसा त्यांचा.

९ मे
थिबा राजवाडा पुन्हा सावकाश पाहिला. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० साली बांधून झाला. १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागाचे ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून त्याच्या मंडालेच्या दरबाराने जबर दंड ठोकला. इंग्रजांना लढाईला निमित्तच हवे होते. सागाच्या भांडणात राज्य गेलेला राजा १९१६ साली इथेच वारला. आणि आम्ही ते 'रॉयल' म्हणून खोलीच्या भाड्यात लावणार!

१२ मे
सड्यावर चिरेखाणीत गेलो. मशीनचे पाते कातळात फिरते आणि लाल धुरळा पापण्यांवर बसतो. ताजा चिरा इतका मऊ की गवंड्याने कोयत्याने त्याची कड तासून दाखवली. "आत्ता लावू नका साहेब, वाऱ्याला पडू दे." ओल उडाली की त्यातले लोह घट्ट होते, मग तोच दगड पिढ्यान् पिढ्या टिकतो.
तिथेच कापाचा नमुना उजेडात धरला. जांभा जाळीदार, पातळ कापात भोके आरपार जातात. चार भोकांतून पलीकडचे आकाश दिसले. भिंतीवर त्यांतून राखाडी चिकटा दिसेल, आणि श्रावणाआधीच पाणी मागे शिरेल.

१४ मे
मालकांपुढे नमुना ठेवला. म्हटले, तळमजला अख्ख्या चिऱ्याचा, पुढे खरी पडवी, वर मंगळुरी कौले. पूर्वी ही कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरत. व्यापाराचा वारसा दाखवायचाच तर छपरावर दाखवू, स्वागतकक्षात तुम्हाला हवे ते काचेच्या पेटीतले गलबत कशाला?
"पाहुण्यांना एसी लागतो, आणि वरचा मजला नसेल तर हिशेब बसत नाही."
हिशेब खोटा नव्हता. शेवटी तळमजला चिऱ्याचा, वर हलक्या भिंती. गलबत मात्र राहिले. छपराचे पाखे चार फूट बाहेर काढायचे, हे लिहून घेतले.

२ जून
मृग तोंडावर. पाया आता दसऱ्यानंतर. चिरे आत्ताच घेऊन रचून ठेवायला सांगितले. मालक विचारतात, जागेचे भाडे कोण देणार.