एकच अल्बम, चौदा प्रती

दशलक्षणातला नववा दिवस, उत्तम आकिंचन्याचा. बस्तीतून घरी येऊन पाय धुते आहे तोवर वैनींचा फोन. "वन्सं, दुपारी या इकडं. ह्यांनी सगळी खोकी खाली काढलीत. चौदातल्या चारच ठेवणार म्हणतात, आणि सकाळपासून एक सुद्धा बाजूला निघालेली नाही बघा."

चौदा निरनिराळ्या तबकड्या असत्या तर गोष्ट वेगळी. अण्णाकडं एकाच अल्बमच्या चौदा प्रती आहेत. इंग्लंडच्या बीटल्स या चौघांचा १९६८ सालचा दोन तबकड्यांचा संच, त्यात तीस गाणी. वेष्टन पांढरंशुभ्र. त्यावर चित्र नाही, फोटो नाही. नुसतं नाव, तेही शाई न लावता उठवलेलं, बोट फिरवलं तरच कळावं असं. सगळं जग त्याला 'व्हाइट अल्बम' म्हणतं. आमच्या घरात त्याचं नाव 'अण्णाचं पांढरं'.

पहिली प्रत त्यानं बँकेच्या ट्रेनिंगला मुंबईला गेला असताना चोरबाजारातून आणली. आईनं पहिला प्रश्न विचारला, "लाखेची आहे काय रे?" जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि लाख म्हणजे किड्यांचा जीव. ही व्हिनाइलची, प्लास्टिकच्या जातीची, असं अण्णानं समजावल्यावर ती घरात आली. पुढं त्यानं आईला सांगितलं, की यातली बरीच गाणी हृषीकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात सुचलेली आहेत. प्रूडन्स नावाची एक मुलगी तिथं ध्यानाला बसली की खोलीबाहेरच येत नसे, तर तिला बाहेर बोलवायला एक गाणं केलं. आईला ते फार आवडलं. "एवढं ध्यान आम्हाला कुठलं जमायला," म्हणायची.

मग दुसरी प्रत आली, तिसरी आली. आम्ही हसत होतो. सगळ्यांत जास्त मी.

त्या दुपारी गेले तेव्हा अण्णा जमिनीवर चटईवर बसलेला, भोवती पांढऱ्या चौकोनांचं रिंगण. म्हणाला, "ये. आज तुला शिकवतो, मग तूच निवड."

मी शिकले. सुरुवातीच्या विलायती प्रतींचं वेष्टन वरच्या बाजूनं उघडतं, नंतरच्यांचं बाजूनं. सुरुवातीच्यांवर क्रमांक छापलेला असतो. रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराची ती कल्पना. लाखांनी खपणाऱ्या मालावर, मोजक्याच काढलेल्या चित्रासारखा आकडा घालायचा, अशी थट्टाच. पण लोकांनी ती थट्टा खरी धरली. पहिल्या क्रमांकाची प्रत त्यांच्यातल्या रिंगोकडं होती, ती २०१५ साली अमेरिकेत लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरला गेली. आत चौघांचे चार फोटो आणि एक मोठं पोस्टर हवं. १९७८ साली तर तबकड्याही पांढऱ्या निघाल्या. अण्णाकडं त्यातली एक आहे.

"पण गाणी तीच ना रे?"

"गाणी तीच. साचा वेगळा."

आईकडं साखरेची चित्रं पाडायचा लाकडी साचा होता. नवा होता तेव्हा हत्तीच्या सोंडेवरच्या रेघा सुद्धा उठायच्या. वीस वर्षांनी सोंड नुसती बोथट. तबकडीचंही तसंच. मूळ ध्वनीवरून धातूचा एक ठसा, त्यावरून दुसरा, आणि त्यावरून छापायचे साचे. त्या मधल्या ठशाला इंग्रजीत 'मदर'च म्हणतात. साचा झिजला की बदलायचा. कुठली तबकडी कितव्या साच्यातली, हे लेबलाशेजारच्या मोकळ्या पट्टीवर बारीक कोरलेलं असतं, पण आकड्यांत नाही. 'जी' म्हणजे एक, 'आर' म्हणजे दोन, 'ए' म्हणजे तीन. ग्रामोफोन लिमिटेड या नावातली दहा अक्षरं एक ते नऊ आणि शून्यासाठी वाटून दिलेली. मला एकदम आजोबांचं कापडदुकान आठवलं. तिथंही खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून चिठ्ठीवर अशाच सांकेतिक अक्षरांत असायचा. वाण्याच्या पोरीला हे कळायला वेळ लागला नाही. अर्ध्या तासात मी भिंग लावून साचे वाचायला लागले.

मग अण्णानं ती एक प्रत पुढं सरकवली. ती मी ओळखत होते.

२००३ साली थोरलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. मी अण्णाकडं पन्नास हजार उसने मागितले. "आत्ता नाही जमायचं गं," म्हणाला. पंधरा दिवसांत लंडनहून पार्सल आलं. १९६८ ची, क्रमांकाची, मोनो प्रत. मी पाटल्या मोडून फी भरली. अण्णाला एका शब्दानं बोलले नाही. पण बाकी कुणाला सांगायची ठेवली नाही. जावेला सांगितलं, मावशीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. दर वेळी थोडं निराळं. कधी पन्नासाचे पाऊण लाख व्हायचे, कधी पार्सल दुसऱ्याच दिवशी यायचं.

"मोनो म्हणजे काय?" मी विचारलं. आवाज जरा कोरडाच आला.

स्टिरिओत वाद्यं दोन बाजूंना वाटलेली असतात. मोनोत सगळा आवाज एकच. आणि इथं तर मोनोची जुळणी वेगळी केलेली होती. 'हेल्टर स्केल्टर' हे गाणं स्टिरिओत विझत जातं, पुन्हा उसळतं आणि शेवटी रिंगो ओरडतो, की बोटांना फोड आले. मोनोत ते जवळपास मिनिटभर आधीच संपतं, ओरडणं नाहीच. अण्णानं मला दोन्ही ऐकवलं. मग स्वतः हेडफोन लावून स्टिरिओ ऐकला आणि काढून ठेवला.

"उजवा कान गेलाय ना माझा. अर्धी वाद्यं येतच नाहीत."

कान अधू झालाय हे मला ठाऊक होतं. इतका, हे ठाऊक नव्हतं.

मी मोनो लावली. त्यानं डोळे मिटले. पूर्ण बाजू संपेपर्यंत बसला.

न्यूयॉर्कला रदरफर्ड चँग नावाचा एक कलाकार या अल्बमच्या हजारो प्रती जमवायचा. कुणी वेष्टनावर प्रेमपत्र लिहिलेलं, कुणाची कॉफी सांडलेली, कुणाला बुरशी. त्यानं शंभर प्रतींचं ध्वनिमुद्रण एकावर एक चढवलं. सुरुवातीला सगळ्या बरोबर, मग हळूहळू पुढंमागं होत जातात आणि नुसता कल्लोळ उरतो. अण्णानं हे सांगितलं तेव्हा मला माझ्याच त्या गोष्टीच्या आवृत्त्या आठवल्या. जावेची, मावशीची, शेजारणीची. मूळ कुठली, ते आता मलाही सांगता आलं नसतं.

"ही ठेव," मी म्हटलं. "बाकीच्या तीन तू ठरव. पण ही ठेवच."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझी फी माहीत होती मला. म्हणून तुझ्यासमोर ही कधी लावली नाही." क्षमा वगैरे शब्द आमच्यात निघाला नाही. वैनींनी सूर्यास्ताच्या आत जेवून घ्यायला हाक मारली, आणि आम्ही उठलो.

अण्णाच्या चार राहिल्या: मोनो, चोरबाजारातली, पांढरी, आणि एक मला न पटणारी. दहा प्रती गिऱ्हाईक बघून देणार आहे.

मी घरी येऊन कपाट उघडलं. इरकली साड्या मोजल्या. त्रेपन्न. प्रत्येकीचा काठ दुसरीपेक्षा वेगळा आहे, हे मी कुणालाही पटवून देईन. तीसवर आणायचं नक्की केलंय. आणि त्या २००३ च्या गोष्टीचा आकडा शून्य. साड्यांचं लवकर जमेल असं वाटतं.