रक्ताची साय

मराठी भाषेने दातांचे जेवढे लाड केले आहेत, तेवढे फार थोड्या अवयवांचे केले असतील. रागावलो की आपण दातओठ खातो, कोणाचा सूड घ्यायचा असला की त्याच्यावर दात धरतो, विनवण्या करून थकलो की दाताच्या कण्या करतो, आणि संधी मिळताच प्रतिपक्षाचे दात त्याच्याच घशात घालतो. पण ज्या हिरडीत हे सारे दात पाय रोवून उभे असतात, तिच्या नावाने एकही वाक्प्रचार मला आठवत नाही. वीसेक वर्षे मराठी शिकवतो आहे; वर्गातल्या मुलांनाही हा प्रश्न घालून पाहिला. ती दात दाखवून हसली, इतकेच.

भाषेला जिची आठवण नाही, तिची माणसांना तरी कुठून असणार? दात दुखला तर घरभर बोभाटा होतो. हिरडी बिचारी बहुधा दुखतही नाही. ती लाल होते, सुजते, दात घासताना थोडे रक्त सांडते. आपण म्हणतो, उष्णता झाली असेल, आणि चूळ भरून चहाला बसतो. इकडे दाताच्या मुळाशी कीटण साठत असते. ते हिरडीखाली उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये एक खिसा तयार होतो. डॉक्टर बारीक सळईने या खिशाची खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत काळजीचे कारण नाही. ती ५-६ वर गेली की आतले हाड झिजू लागले असे समजावे. आणि इतर खिशांसारखा हा खिसा रिकामा राहिला तर बरे. भरला की दिवाळे ठरलेले!

माझ्या आईचे सगळे दात पंचेचाळिशीतच गेले. आमच्या हिंगोलीकडे तिच्या पिढीतल्या कितीतरी बायका मिसरी लावत. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड. मिसरीने हिरडीचे रक्त थांबते अशी समजूत होती, आणि ती अर्धी खरी होती, म्हणूनच अधिक घातक. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसेनासे होते आणि रोग आत वाढत राहतो. घरात चोर शिरावा आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्याचेच तोंड बांधावे, तसा हा उपाय.

ज्वारीच्या मुलखात दात नसणे म्हणजे काय, हे पोळी खाणाऱ्या शहरी वाचकांना सांगून कळणार नाही. आई भाकरी दुधात कुस्करून खाई. हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी पेटे, आम्ही गोल करून बसत असू. आई कणसे भाजी, हातावर चोळी, दाणे आमच्या पुढ्यात टाकी आणि स्वतः तोंडात एकही घालत नसे. "मला नाही आवडत," म्हणे. लहानपणी ती हुरड्यासाठी शाळा बुडवत असे, हे मावशीने आम्हाला सांगितले ते आई गेल्यानंतर.

माझी थोरली बहीण वसमतजवळच्या खेड्यात असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिची वाटचाल आईच्याच मार्गाने चालली होती. मिसरी तीच, शिवाय मधुमेह. मधुमेह आणि हिरडीचा रोग हे एकमेकांना धरून असतात: साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही. शेवटी तिला नांदेडला हिरड्यांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन खेपांत हिरडीखालची मुळे खरवडून साफ केली. हिरडी चिरून शस्त्रक्रिया करण्याचे तूर्त टाळू, म्हणाले. खोल खिशांत मात्र तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट घालून पाहू.

आक्का म्हणाली, "माझंच रक्त काढणार आणि माझ्याच तोंडात घालणार? मग काढायचं तरी कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. पण उत्तरही तसेच निघाले.

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने घरोघर पोचवला आहे. साथीच्या दिवसांत माणसे खुशाली विचारावी तशी एकमेकांच्या प्लेटलेट विचारतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. त्यांचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. जखम झाली की त्या धावून जातात आणि रक्त गोठवतात, हे काम इटलीच्या बिझोझेरो या वैद्याने १८८२ साली दाखवून दिले. त्यांचे दुसरे काम पुष्कळ उशिरा ध्यानात आले. त्यांच्या पोटात अशी द्रव्ये असतात, की ती सुटली म्हणजे आसपासच्या पेशींना वाढीचा सांगावा मिळतो. धरण बांधणाऱ्यांनीच पुढे गावही वसवावे, तसे.

२००१ साली फ्रान्समधल्या शुक्रून या डॉक्टरांनी एक सोपी युक्ती काढली. रक्त न गोठावे म्हणून त्यात पूर्वी औषध मिसळत. त्यांनी ते वगळले. काढलेले रक्त तसेच नळीत घालून लगेच यंत्रात गरगर फिरवायचे. तांबडा भाग तळाशी बसतो, वर पिवळट पाणी राहते आणि मध्ये एक लुसलुशीत थर धरतो. त्यातच प्लेटलेट अडकलेल्या असतात. आक्काला मी सांगितले, ही रक्ताची साय. जन्मभर ताक घुसळलेल्या बाईला यापुढे काही समजावण्याची गरज नव्हती. पुढे हेच रक्त सावकाश आणि थोडाच वेळ फिरवण्याची रीत निघाली. तशाने ते काही काळ पातळ राहते. ते थिजण्यापूर्वी बोथट सुईने हिरडीच्या खिशात सोडतात. आक्काला तेच केले.

हे सारे ऐकून मी भारावलो होतो. जमिनीवर आणले ते डॉक्टरांनीच. "या उपायाच्या चाचण्या अजून लहान आहेत," ते म्हणाले. "काहींत थोडा जास्त फायदा दिसला, काहींत नाही. खरं काम साफसफाई करते. ही नुसती मदत."

आक्काने मान डोलावली. "तण काढल्याबिगर हळदीला खत घालून काय उपयोग?" ती म्हणाली.

तीन महिन्यांनी खिसे पुन्हा मोजले. बहुतेक ६ चे ४ वर आले होते. एक दाढ मात्र वाचली नाही. यात सायीचा वाटा किती आणि खरवडण्याचा किती, ते वेगळे करून सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. तिसरा वाटेकरी मला ठाऊक आहे. आक्काने मिसरी सोडली. चाळीस वर्षांची सोबत होती ती. पहिले पंधरा दिवस ती सगळ्या घरावर खेकसत होती. रक्त काढून देणे त्या मानाने सोपे गेले.

वाचकहो, हा अंक हाती असताना तुमच्यापुढे फराळाचे ताट असेल. कडाकणी, चकली, कडक पाकाचा लाडू, सारे कुरकुरत असेल. ज्यांच्या जिवावर हा सोहळा चालतो, त्या हिरड्या एकदा आरशात पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "मला नाही आवडत" म्हणून चकली बाजूला सारली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी दोन महिन्यांनी हुरडा सुरू होईल. आक्काचा निरोप आतापासूनच आला आहे: यंदा कणसे भाजायला दुसरे कोणी बघा, ती खायला बसणार आहे.