सुटलेले अक्षर

आम्ही दोघी, एक महाडची, एक पोलादपूरची. जून २००५ मध्ये विज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आलो होतो. संगणकावर जीवशास्त्र करता येते ही वार्ता आमच्यापर्यंत जरा उशिराच पोहोचली. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासून होते. महाडच्या सायबर कॅफेत मात्र वीज असेल तेवढेच विज्ञान. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र दोघींकडे होते. त्या बळावर अर्ज टंकता येई, जनुक वाचता येत नसे.

एका शोधनिबंधाची झेरॉक्स हाती लागली. भाताच्या एका जनुकाची नऊशेहून अधिक अक्षरे त्यात छापली होती: ए, टी, जी, सी, एवढीच चार, न थांबता, न मोकळी जागा सोडता. घरातल्या मोडी दप्तरांची आठवण व्हावी असे ते पान. मोडीतही शब्द तोडायचा कुठे, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. इथे नियम एवढाच की तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाचे एक अमिनो आम्ल. आणि चौसष्ट शब्दांपैकी तीन शब्दांचा अर्थ 'थांबा'.

ती अक्षरे आम्ही पाळीपाळीने टंकली, फ्लॉपीवर घेतली आणि एक्सपॅसी या परदेशी संकेतस्थळावर त्यांचे प्रथिनात भाषांतर करून घेतले. निबंधातल्यापेक्षा आमचे प्रथिन निम्म्याहून आखूड निघाले. शेपूट तर अगदीच वेगळे. नवे काही सापडले, या कल्पनेने आम्ही हुरळलो. महाविद्यालयातल्या चर्चासत्रात ते वाचूनही दाखवले. टाळ्या पडल्या. पोलादपूरच्या आप्पांनी तर एस. टी. स्टँडवर भेटेल त्याला सांगितले की पोरींनी भातात नवीन प्रथिन शोधले.

जुलैअखेर अतिवृष्टी झाली. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहणवर दरडी कोसळल्या, महाडात पाणी शिरले. माणसे गेली तिथे फ्लॉपीचा शोक कोण करणार? आम्हीही केला नाही. रस्ते सुरू झाल्यावर, काहीतरी हाताशी असावे म्हणून, कामाला पुन्हा बसलो. झेरॉक्स पोलादपूरला राहिल्याने वाचली होती. या वेळी एक अक्षरे मोठ्याने वाचत होती, दुसरी टंकत होती.

प्रथिन पुरे निघाले, निबंधात होते तसेच.

पहिल्या खेपेस एक अक्षर सुटले होते. 'कमळ उचल पटक' यातला 'म' गाळून तीन-तीन अक्षरे तोडली की 'कळउ चलप टक' उरते. तसेच झाले होते. चुकीच्या वाचनात वाटेत एक 'थांबा' आला आणि आम्ही त्याला शोध म्हटले. फ्लॉपी वाहून गेली नसती तर तीच फाईल घेऊन आम्ही पुढे गेलो असतो. त्याच ऑगस्टमध्ये भाताचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, सुमारे ३९ कोटी अक्षरे. त्यातल्या अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारताचा वाटा होता. आमच्याच्याने नऊशे धड झाली नाहीत.

आणखी एक. झेरॉक्सच्या तळाशी एक क्रमांक छापला होता. तो जेनबँकेत टाकला की सगळी अक्षरे आयती मिळतात, हे पुढे पुण्यात कळले.

सरांना आम्ही खरे सांगितले. ते म्हणाले, पुढल्या चर्चासत्रात हेच वाचा. वाचले, या खेपेस टाळ्या तुरळक होत्या. आप्पांना मात्र सांगायचे राहिले. ते थकले आहेत, कानांनी कमी ऐकू येते. घरी पाहुणा आला की अजूनही आम्हाला पुढे बोलावतात आणि ते प्रथिन त्याला ऐकवतात. आम्ही चहा आणतो.