आरे-वारेच्या समोरचा किनारा

आशिया खंडाला कोणते महासागर लागतात, असं विचारलं की वर्गात पटापट हात वर होतात. उत्तरेला आर्क्टिक, पूर्वेला पॅसिफिक, दक्षिणेला हिंदी महासागर. पश्चिमेला महासागर नाही. तिथं उरल पर्वतापलीकडे युरोप सुरू होतो. उर्दूत पॅसिफिकला बहरुल-काहिल म्हणतात, म्हणजे संथ, आळशी समुद्र. मुलं हसतात आणि नाव लक्षात राहतं. आपला अरबी समुद्र म्हणजे बहिरा-ए-अरब, हिंदी महासागराचाच एक भाग.

आपल्या कोकणातल्या घरांत हा समुद्र भूगोलाच्या पुस्तकापुरता नसतो. कुणाचे दादा जहाजावर खलाशी होते, कुणाचा मुलगा कुवेतला आहे. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं याच पाण्यातून जिद्द्याला जात.

आमचा धाकटा भाऊ ओमानमध्ये सलालाला नोकरी करतो. त्याची नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे असते. मार्चमध्ये, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, आम्ही सगळे आरे-वारेला गेलो. तिथं पाण्याला ओढ फार, म्हणून सुरूच्या सावलीतच बसलो. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फुफी, अब्बा नक्की कुठल्या बाजूला? दाखवा ना."

तिला वाटत होतं, अब्बा गेले ते आकाशात कुठंतरी. विमान वर जाताना तिनं पाहिलं होतं, उतरताना नाही. आम्ही वाळूत नकाशा काढला. रत्नागिरी सतरा उत्तर अक्षांशाजवळ आणि सलालाही त्याच अक्षांशाजवळ. म्हणजे आरे-वारेवरून सरळ पश्चिमेला, सुमारे दोन हजार किलोमीटरवर. मध्ये एकही देश नाही, नुसतं पाणी. त्या दिवशी सूर्यही नेमका तिकडेच उतरत होता. तिला सांगितलं, हाच सूर्य साधारण सव्वा तासानं अब्बांच्या समोर मावळेल. आपली मगरिब आधी, मग त्यांची.

आणखीही एक गोष्ट सांगितली. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे तिथंही पोचतात. एरवी कोरडे असणारे झुफारचे डोंगर त्या रिमझिमीनं हिरवे होतात. तिथले लोक त्या दिवसांना खरीफ म्हणतात. आपला खरीप हंगाम हा त्याच अरबी शब्दाचा. मान्सूनचं मूळही अरबी 'मौसिम'. या वाऱ्यांवर शिडं सोडून दोन्हीकडचे व्यापारी शतकानुशतकं ये-जा करत आले. सलालाला माडाची आणि केळीची झाडंही आहेत. "म्हणजे आपल्यासारखंच!" ती म्हणाली. आपल्यासारखंच, आणि आपल्याच आशिया खंडात.

आता ती रोज मगरिबनंतर सव्वा तास मोजते आणि मग फोन मागते. रडणं संपलं असं नाही, पण रडताना ती आता एका दिशेकडे बघते.

ज्या घरातला माणूस पलीकडे आहे, त्या घराच्या भिंतीवर एक नकाशा असावा. पैसे कधी आले, सुट्टी कधी मिळणार, हे आपण मोठी माणसं बोलत असतो. लहानांना त्याआधी एवढंच हवं असतं: अब्बा कुठं आहेत, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.