पुलाची नाडी

वसईच्या खाडीवर रेल्वेचा पूल प्रथम उभा राहिला तो १८६४ साली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने गुजरातकडून मुंबईपर्यंत रूळ आणले, तेव्हा नायगाव आणि भाईंदर यांच्यामधील खाडी ओलांडणे क्रमप्राप्तच होते. मध्ये पाणजू बेट असल्याने एकाऐवजी दोन पूल बांधावे लागले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी निघाली आणि आमच्या वसईचे नशीब या पुलांशी बांधले गेले. येथली केळी, भाजी, फुले आणि दूध मुंबईला गेले ते पुलांवरूनच. आमची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेली तीही त्याच वाटेने. पुढे जुन्या लोखंडी पुलांची जागा काँक्रीटच्या पुलांनी घेतली.

माझे काका रेल्वेच्या पूल विभागात खलाशी होते. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी ते पुलाची नाडी पाहत. रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूने बोट लावायचे आणि दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारायची. घट्ट रिव्हेट गप्प राहतो. सैल झालेला बोटाखाली थरथरतो. अशी शेकडो डोकी तपासीत, खाली पाणी आणि वर ऊन अशा स्थितीत, ते गर्डरवर दिवस काढीत. उन्हाने लोखंड वाढते, थंडीत आखडते; म्हणून गर्डर ज्या बेअरिंगवर टेकलेला असतो, ते मोकळे ठेवावे लागते, त्याला वंगण द्यावे लागते. खाऱ्या हवेत रंगाचा पापुद्रा सुटला की गंज आत शिरतो. तो खरवडून पुन्हा रंग चढवावा लागतो. पावसाळा सरला की अधिकारी प्रत्येक पुलाची वार्षिक तपासणी करतात. पाण्याच्या ओढीने खांबाच्या पायाखालची माती किती वाहून गेली, याचे त्या वेळी मोजमाप होते.

एकदा काकांच्या तुकडीने सैल रिव्हेट नोंदविले आणि त्या पुलावर गाड्यांना वेगमर्यादा लागू झाली. डब्यातील माणसे रोज रेल्वेला शिव्याशाप देत. काका त्याच गर्दीत उभे असत. पण एका शब्दानेही बोलत नसत. काकू चिडून म्हणाली, “अहो, तुम्ही सांगत का नाही त्यांना?” काका एवढेच म्हणाले, “उशिरा का होईना, पोचतात ना घरी!”

जुना पूल म्हणजे धोक्याचा पूल, असे मात्र नव्हे. आपल्या रेल्वेने पुलाच्या निवृत्तीचे वय ठरविलेले नाही. तो बदलायचा की नाही, हे त्याची प्रकृती पाहून ठरते. तरीही १९०५ पूर्वीच्या पोलादात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने ते ठिसूळ असू शकते आणि अशा गर्डरांवर विशेष नजर ठेवावी लागते. २२ जून २००१ रोजी केरळमधील कडलुंडी येथे मंगळूर-चेन्नई मेलचे डबे पुलावरून नदीत कोसळले आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी जीर्ण पूल, रूळ आणि सिग्नल बदलण्यासाठी १७,००० कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी स्थापन झाला.

रामेश्वरचा पांबन पूल या साऱ्याचा बोलका दाखला आहे. १९१४ साली समुद्रात उभा राहिलेला हा पूल १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला. तरुण अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत पुन्हा सुरू झाला. तथापि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आपले काम सोडले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील वाहतूक थांबविण्यात आली. शेजारी बांधलेल्या नव्या पुलाचे उद्‌घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले. पण त्याआधीच रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी त्याच्या गंजप्रतिबंधाविषयी आक्षेप नोंदविले होते. म्हणजे नव्या पुलालाही पहिल्या दिवसापासून नाडी पाहणारा हात हवाच.

गर्डर बदलण्याचे काम मी एकदा दुरून पाहिले आहे. नवा गर्डर महिनोन्‌महिने शेजारी तयार होत असतो. मग एका रविवारी काही तासांचा ब्लॉक मिळतो. रूळ सुटतात, जुना गर्डर उचलला जातो, नवा बेअरिंगवर अलगद उतरतो आणि पहिली गाडी माणूस चालावा तशी त्यावरून जाते. मिस्सा आटोपून नातलगांकडे निघालेले आपण त्या वेळी स्टेशनवर ताटकळत असतो आणि सगळा राग ब्लॉकवर काढतो.

वाचकहो, तपासणी रेल्वेची असली, तरी खाडी आपली आहे. रेल्वेपुलाच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरात रेती काढण्यास बंदी असते, ती पायाखालचा तळ खचू नये म्हणूनच. तरीही वसईच्या खाडीत पुलाजवळ रेती उपसली जात असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. रात्रीच्या अंधारात निघालेली रेती सकाळी कोणाच्या तरी अंगणात पडतेच. तिच्यातून घर उभे राहते, आणि त्या घरातला मुलगा रोज त्याच पुलावरून कामाला जातो. काका आज हयात नाहीत. पण अंगणात रेतीचा ट्रक रिकामा होण्यापूर्वी “ही कुठून आणलीत?” असे विचारायला रेल्वेची नोकरी लागत नाही.