रेसिंगची गाडी, आपल्या नांदगाव पेठेत!

ट्रॉलीच्या फाळक्याला वेल्डिंग मारून घ्यायला नांदगाव पेठच्या एमआयडीसीत गेलो आणि शेडच्या कोपऱ्यात पाहतो तर काय, रेसिंगची गाडी! चाकं नाहीत, सीट नाही, नुसता पाइपांचा सांगाडा. पण काय त्याची ऐट! इंजिनिअरिंगचे पोट्टे ‘बाहा’ स्पर्धेसाठी ती बनवत होते. फाळका राहिला बाजूला, मी तिथंच उकिडवा बसलो.

ही स्पर्धा 1976 साली अमेरिकेत, साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. 2007 पासून आपल्याकडे इंदूरजवळच्या पिथमपूरला होऊ लागली. पोरांनी स्वतः बनवलेली गाडी खड्ड्याखुड्ड्यांतून सलग चार तास पळवायची! सगळ्यांना इंजिन एकच. या गाडीला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसीचं होतं, ताकद 10 हॉर्सपॉवर, म्हणजे साध्या मोटरसायकलच्या आसपास. मग जिंकायचं कशावर? पाइपावर, वेल्डिंगवर, वाचवलेल्या एकेका किलोवर!

“जाड पाइप घ्या न बाप्पा,” मी म्हटलं.

“वजन वाढते नं काका! अन् गाडी पलटली तरी आतल्याचं डोकं शाबूत राह्यलं पाह्यजे.”

नियमातला मूळ पाइप 25 मिलिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा, पोलादात किमान 0.18 टक्के कार्बन. पातळ पाइप घ्यायचा असेल तर तो तेवढाच मजबूत आहे हे गणितानं सिद्ध करायचं. दोन पाइप जिथं भिडतात तिथं एकाचं तोंड घासून घासून दुसऱ्याच्या गोलाईवर बसवायचं. शेडचे मिस्त्री त्या सांध्यावर बोट फिरवायचे, डोळा लावून फट पाहायचे आणि मान हलवली की पोरगं पुन्हा कानस घ्यायचं. किती सुंदर काम आहे हे!

त्या रात्री वाचत बसलो आणि एस. करिवर्धन भेटले. कोइम्बतूरच्या लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातला हा माणूस. सूतगिरण्यांच्या त्या गावात त्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन घेऊन एकआसनी रेसिंग गाडी घडवली, फॉर्म्युला मारुती. पुढे 2005 मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला आपला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्याच गाड्यांवर सुरुवातीला हात साफ करत होता! करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा रेसिंग ट्रॅक आज त्यांच्या नावानं आहे.

कापसाच्या गावात रेसिंगची गाडी जन्मली, हे वाचून मला झोपच आली नाही. कापूस आपल्याकडे आहे, वस्त्रोद्योगाचं पार्क नांदगाव पेठेत होतंय, आणि ट्रॉल्या, वखर, डवरे घडवणारे मिस्त्री तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. त्यांच्या हाताला फक्त हे काम मिळायला हवं.

शेडवाल्या भावांनो, संध्याकाळी तुमचं वेल्डिंग मशीन आणि पाइप वाकवायचं यंत्र रिकामं असतं. पोरं दारात आली तर त्यांना आत घ्या, आणि जवळ एक मिस्त्री उभा करा.