ट्रॉली कुणाच्या मजल्यावर?

इंग्लंडमधल्या वस्त्यांत सुपरमार्केटच्या ट्रॉल्या फूटपाथवर, बसथांब्याशी, कधी कालव्यातही पडलेल्या सापडतात. तिथल्या 1990 च्या पर्यावरण कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी तरतूदच आहे: बेवारस ट्रॉली पालिका उचलून नेऊ शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. नागपुरात असलं काही दिसत नाही. पण म्हणून आपण मोठे शिस्तीचे, असं कुणी समजू नये. इथे दारातला गार्ड बिल तपासतो, ट्रॉली फार तर पार्किंगपर्यंत जाते. आणि निसटलीच तर आपल्या उखडलेल्या गट्टूंवर तिची चिमुकली चाकं किती तग धरणार?

इतवारीच्या किराणा ओळीतून महिन्याचं सामान भरणाऱ्यांना ही भानगडच नव्हती. पोती सायकलरिक्षात पडायची, रिक्षावाला ती घरी उतरवून आपली गाडी घेऊन परत जायचा. तिच्यावर त्याचं पोट होतं. ट्रॉलीवर ढकलणाऱ्याचं काहीच नसतं. 1937 साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाइकाची खरेदी थांबायची. सुरुवातीला लोक तिला हात लावेनात, म्हणून त्याने पैसे देऊन माणसं दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरवली. घ्यायची सवय अशी लागली. परत ठेवायची लावायला मात्र युरोपातल्या दुकानांना दांड्यात नाणं अडकवायची सोय करावी लागली.

आपला खरा चेहरा दिसतो तो सोसायटीच्या ट्रॉलीत. वर्धा रोडकडच्या आमच्या इमारतीत किराणा वर न्यायला एक घेतली आहे. ‘वापर झाल्यावर खाली ठेवावी’ हा दांड्यावरचा कागद निम्मा सोलला गेलाय, जाळीत कोथिंबिरीची वाळकी काडी अडकलेली असते आणि पुढचं डावं चाक भलतीकडेच ओढतं. ती असते कुठल्यातरी मजल्यावर, कुणाच्यातरी चपलांच्या रॅकला टेकलेली. मग गार्ड दारोदार विचारत फिरतो, “मॅडम, गाडी तुमच्याकडे हाय का जी?” मे महिन्यात पारा 45 च्या पुढे आणि लाइट गेलेली असली, तर हे सगळं जिन्याने. त्याच्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नाही. तरी त्याला चक्क नावानिशी ‘जरा बघ रे’ म्हणणारे आपणच.

मीटिंगमध्ये नाण्याच्या कुलपाचा विषय निघाला. ‘आता नाणी कोण बाळगतं, सगळं फोनवरच तर देतो’ म्हणून तो बारगळला आणि दुसरी ट्रॉली घ्यायचं ठरलं. माझ्या मते हा पैसा फुकट जाणार आहे: आता एकीऐवजी दोघी हरवतील, आणि गार्ड तेवढाच एक. तुमच्या दाराशी ट्रॉली उभी असेल तर आत्ताच खाली नेऊन ठेवा. लिफ्ट चालू आहे.